कोकणातले लिव्हरवर्ट आणि ‘नवीन प्रजाती’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की फोनवर हिरव्या चकत्यांचे फोटो यायला लागतात, ते गणपती होईपर्यंत थांबत नाहीत. विहिरीच्या चिऱ्यावरचे, गडग्यावरचे, सड्यावरच्या खळग्यातले, पोफळीच्या बुंध्यावरचे. सोबत बहुधा एकच ओळ असते: “हे नवीन आहे का?” त्या ओळीच्या पोटात बरेच प्रश्न दडलेले असतात, ते इथे सुटे करून घेतले आहेत. उत्तरं रत्नागिरी-सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नामकरणाचे नियम मात्र जगभर एकच.

१. लिव्हरवर्ट म्हणजे शेवाळच ना?

बोलताना शेवाळ म्हणा, काही बिघडत नाही. लिनियसनेही १७५३ साली रिक्सिया आणि मार्केंशिया यांना शैवालांच्याच खणात टाकलं होतं. ओळख पटवायला बसलात की मात्र खण वेगळे करावे लागतात. डबक्यातलं बुळबुळीत, तंतूंचं ते शैवाल. मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट हे तिघे ब्रायोफाइट: खरी मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही, सगळा वंश बीजाणूंवर चालतो. शाळेच्या पुस्तकातली नावं आठवत असतील तर रिक्सिया आणि मार्केंशिया हे लिव्हरवर्ट, ॲन्थोसिरॉस हा हॉर्नवर्ट आणि फ्युनेरिया हा मॉस. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या जागतिक यादीत लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट मिळून ७,४८६ प्रजाती आहेत.

२. भिंगातून या तिघांना वेगळं कसं करायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. लिव्हरवर्ट दोन तऱ्हेचे असतात. एक चपट्या पट्टीसारखे, जमिनीला चिकटून दुभंगत वाढणारे. या पट्टीला थॅलस म्हणतात. दुसरे पानांचे. घोटाळा होतो तो या दुसऱ्यांत, कारण ते मॉससारखे दिसतात. पानाच्या लिव्हरवर्टची पानं दोन रांगांत असतात, बऱ्याचदा खालच्या अंगाला लहान पानांची तिसरी रांग असते आणि पानाला मधली शीर कधीच नसते. मॉसची पानं बहुधा खोडाभोवती फिरत लागतात आणि पुष्कळांना शीर असते. हॉर्नवर्टच्या थॅलसवर हिरवी शिंगं उभी राहतात, टोकाकडून तपकिरी होत दोन फाकांत उघडतात. शिंग नसेल तर आत निळसर काळे ठिपके दिसतात का पाहा. त्या नॉस्टॉक या निळ्या-हिरव्या जिवाणूच्या वसाहती.

अपवाद आपल्याच अंगणात आहे. नोटोथायलस हा हॉर्नवर्ट पावसाळ्यात सर्रास मिळतो, पण त्याचं शिंग आखूड, आडवं पडलेलं आणि अर्धं झाकलेलं असतं. दरवर्षी कोणी ना कोणी त्याला ‘विचित्र रिक्सिया’ म्हणून पाठवतंच.

३. कोकणात कुठे आणि कधी शोधायचं?

सगळ्यात आधी सडा. जांभ्याच्या उघड्या कातळावर बोट-दोन बोट माती साचते आणि जूनच्या अखेरीस तिथे रिक्सियाच्या चकत्या उमटतात. ऑक्टोबरच्या उन्हात त्या करपून जातात, बीजाणू मातीत राहतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा सुरुवात. म्हणजे झाड दिसण्याचा काळ जुलै-ऑगस्ट, पण ओळखीला लागणारे पक्के बीजाणू मिळण्याचा काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. हंगामात दोनदा जाणं भाग आहे. लोक पहिल्या फेरीत खूश होतात आणि दुसरी टाळतात. गाडी तिथेच अडते.

विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर, घळीत, जिथे उजेड कमी तिथे सायाथोडियम पाहा. हा थॅलस इतका पातळ असतो की अंधारात पिवळसर हिरवा चकाकतो. प्रकाश स्वतःचा नसतो, पेशी बाहेरचा उजेड परतवतात. पाणंदीच्या कापलेल्या मातीवर कुरळ्या पानांची, जांभळ्या मूलाभांची (मुळांसारख्या बारीक धाग्यांची) फॉसोम्ब्रोनिया मिळते. देवराईतल्या झाडांच्या सालीवर लालसर तपकिरी फ्रुलानिया. घाटाखालच्या वहाळांकाठी, जिथे हवा कायम ओली, तिथे जिवंत पानांवर वाढणारे बारीक लिव्हरवर्टही सापडतात.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वाढणारं एकही ब्रायोफाइट नाही. तेव्हा भरतीच्या रेषेखाली चिखल तुडवू नका.

४. हापूसच्या कलमांवर हे आलंय. काढून टाकू का?

राहू द्या. ते झाडातून काही शोषत नाही, सालीवर फक्त बसलेलं असतं. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावलीत तर त्यातल्या तांब्याने ते मरेल, पण पेस्ट बुरशीसाठी लावायची असते, यांच्यासाठी नव्हे.

५. फोटोवरून नाव सांगाल का?

जीनसपर्यंत, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटापर्यंत, कधी कधी सांगता येतं, प्रजातीपर्यंत क्वचितच. फोटो पाठवायचाच तर चार पाठवा: जागेचा, शेजारी पट्टी ठेवून पूर्ण चकतीचा, जवळून वरच्या बाजूचा आणि उलटून खालच्या बाजूचा. खालची बाजू कोणी पाठवत नाही आणि खवले तिथेच असतात. ‘नवीन आहे का’ याचं उत्तर फोटोवरून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कोणीही असो.

६. नमुना गोळा कसा करायचा? पावसात वाळवायचा कसा?

सुरीच्या टोकाने मातीसकट खपली उचला. सगळी वसाहत खरवडू नका. निम्म्याहून जास्त जागेवर राहिली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत घरी आणेपर्यंत ठीक, पण एक रात्र पिशवीत राहिली की बुरशी धरते. घरी आल्यावर बारीक धारेखाली, रंगाच्या मऊ ब्रशने माती सोडवा.

इथे थांबायचं, लगेच वाळवायचं नाही. बहुतेक लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाचे कण असतात. त्यांचा आकार, संख्या आणि रंग ओळखीला फार उपयोगी पडतात आणि वाळल्यावर ते नाहीसे होतात. म्हणून ताजं असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून घ्या. थोडा भाग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, थोडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये. उरलेला वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवा आणि कागद सकाळ-संध्याकाळ बदला. चुलीवरच्या माळ्यावर किंवा ओव्हनमध्ये नको. फुलझाडांसारखं दाबायचंही नाही, कारण थॅलसच्या उभ्या जाडीची मापं लागतात.

वाळलं की कागदाची घडी घालून पाकीट करा आणि वर लिहा: गाव, वाडी, अक्षांश-रेखांश, उंची, कशावर वाढलं होतं, ऊन की सावली, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. नुसतं ‘रत्नागिरी, पावसाळा’ लिहिलेलं पाकीट कितीही सुंदर असलं तरी उपयोगाचं नाही.

७. परवानगी लागते का?

खासगी सड्यावर मालकाला विचारा. बहुतेक जण चहा पाजूनच सोडतात. राखीव जंगल आणि अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी हवीच. भारतीय नागरिकाला निव्वळ अभ्यासासाठी गोळा करायला २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली वेगळी मंजुरी लागत नाही. पण याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की नवीन प्रजाती सापडल्यास नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करायचा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण हे असं एक ठिकाण. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे, म्हणजे आपल्याला फार लांब नाही. देवराईत जाताना ग्रामस्थांना आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सांगून जा. कायदा राहू दे बाजूला, ती साधी रीत आहे. परदेशात पाठवण्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

८. सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय पाहायचं?

रिक्सिया घेऊन सांगतो, कारण सड्यावर तीच जास्त मिळते.

आधी वरून. फांदी किती वेळा दुभंगते, मधली खाच टोकाशीच आहे की लांबवर जाते, कडा वर वळलेल्या की उताराच्या, कडेला केस आहेत का. मग उलटी करा. खवले रंगहीन की जांभळे, कडेच्या बाहेर डोकावतात की आतच राहतात. मग काप. गाजराच्या तुकड्याला चीर पाडून त्यात थॅलस उभा धरायचा आणि नव्या ब्लेडने गाजरासकट पातळ काप घ्यायचे. जुन्या ब्लेडने थॅलस चिरडतो. कापात रुंदी जाडीच्या किती पट आहे ते मोजा. वरच्या थरात पेशींचे उभे खांब आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटी आहेत की मोठ्या हवेच्या पोकळ्या, हे पाहा. या एका गोष्टीवर रिक्सियाचे मोठे गट पडतात.

शेवटी बीजाणू. रिक्सियाची बीजाणूंची कुपी थॅलसमध्येच पुरलेली असते. तिला देठ नाही आणि इतर लिव्हरवर्टमध्ये बीजाणू उडवायला मदत करणारे पीळदार तंतू, म्हणजे इलेटर, तेही नाहीत. पिकलेली चकती उजेडासमोर धरली की खाचेलगत काळे ठिपके दिसतात. सुईने ठिपका फोडला की बीजाणू बाहेर येतात. बहुतेक प्रजातींत ते ६० ते १२० मायक्रॉनच्या दरम्यान असतात. आकार, कडेची झालर आणि पृष्ठभागावरची जाळी नोंदवा. जाळीची एकेक कोठडी केवढी आणि व्यासावर किती कोठड्या येतात तेही मोजा. एका बीजाणूवर काही ठरत नाही, वेगवेगळ्या चकत्यांतले निदान वीस-तीस तरी मोजावेत. छापायच्या वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो लागतात. ते विद्यापीठात होतात, घाई नाही.

९. मग ‘नवीन’ हे ठरतं कसं?

वगळत वगळत. नवीन प्रजाती दिसत नाही. बाकी सगळ्या प्रजाती ही नव्हे हे दाखवून झालं की जे उरतं ते नवीन. दिसण्याचं काम एका दुपारचं, वगळण्याचं काही वर्षांचं.

आधी जीनस पक्का करायचा. मग त्या जीनसच्या भारतातल्या सगळ्या प्रजातींची वर्णनं समोर ठेवायची. तेवढ्यावर भागत नाही. श्रीलंका, म्यानमार आणि रिक्सियाच्या बाबतीत आफ्रिकासुद्धा पाहावी लागते, कारण बीजाणूंना सरहद्द नसते. रिक्सिया फ्रॉस्टी उत्तर अमेरिकेत आहे तशी आशिया-आफ्रिकेतही आहे. भारतातला पाया शिव राम कश्यप (१८८२–१९३४) यांनी लाहोरमध्ये बसून घातला, पण त्यांचं मुख्य काम पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानावर आहे. पुढे लखनौला या विषयाची मोठी परंपरा उभी राहिली. कोकणच्या सड्यांकडे त्यामानाने कमी लक्ष गेलं. नवीन काही मिळण्याची शक्यता त्यामुळेच खरी आहे, आणि जुनंच नव्याने ‘सापडण्याची’ तर त्याहून जास्त.

खरी डोकेदुखी जुन्या नावांची. फ्रांझ स्टेफानी या एकट्या जर्मन माणसाने जगभरातून आलेल्या नमुन्यांवरून हजारो लिव्हरवर्टना नावं दिली. त्यातली पुष्कळ वर्णनं चार-पाच ओळींची आहेत आणि त्याचा संग्रह जिनिव्हात आहे. त्या चार ओळी तुमच्या झाडाला लागूही पडतात आणि नाहीही. अशा वेळी मूळ नमुना किंवा त्याचे चांगले फोटो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कंटाळवाणं आहे, पण या पायरीवर केलेली टाळाटाळ पुढे प्रश्न १६ होऊन परत येते.

आणि एक भेद ध्यानात ठेवा. ‘महाराष्ट्रात प्रथमच नोंद’ आणि ‘विज्ञानाला नवीन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीही छापण्याजोगी असते. तिला कमी लेखायचं कारण नाही.

१०. एकाच सड्यावर दोन वेगळी रूपं आहेत. दोन प्रजाती धरायच्या का?

लगेच नको. उन्हातली रिक्सिया आखूड, जाड आणि जांभळट. तीच गवताच्या सावलीत लांब, अरुंद आणि नुसती हिरवी. रिक्सिया फ्लुइटन्स पाण्यात तरंगते तेव्हा अरुंद फितीसारखी असते, मूलाभ नसतात. पाणी आटून चिखलाला टेकली की रुंद होते आणि मूलाभ फुटतात. सोपा उपाय असा की दोन्ही रूपं एकाच कुंडीत, एकाच सावलीत महिनाभर वाढवा. फरक टिकला तर पुढे बोलू.

११. डीएनए तपासणी सक्तीची आहे का?

नियमाने नाही. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत डीएनएची अट कुठेही नाही. तरी जमलं तर कराच, कारण डोळ्यांना न दिसणारे भेद त्यात सापडतात. कोनोसेफॅलम कोनिकम ही उत्तर गोलार्धातली एकच प्रजाती मानली जात होती. जनुकीय अभ्यासात तिच्या पोटात अनेक निघाल्या आणि २००५ मध्ये कोनोसेफॅलम सॅलेब्रोसम वेगळी केली गेली. एकदा वेगळी कळल्यावर थॅलसच्या पृष्ठभागातला फरकही दिसायला लागला.

उलट बाजूही आहे. ‘जनुकांच्या साठ्यात जुळणारं काही मिळालं नाही’ म्हणजे प्रजाती नवीन, असं होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या प्रजातींचा डीएनए कोणी काढलेलाच नाही. जुळणी नसण्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो.

१२. बीजाणू मिळालेच नाहीत. तरी वर्णन करता येईल?

पानाच्या काही लिव्हरवर्टमध्ये पानं, खालची पानं आणि तेलाचे कण यांवर काम भागतं. रिक्सिया आणि फॉसोम्ब्रोनियात बीजाणूंशिवाय लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संहिता अडवणार नाही. नंतर येणारा अभ्यासक मात्र तुमच्या नावाने बोटं मोडेल. काही प्रजातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा शेजारची वसाहतही पाहून घ्या. नाहीतर पुढच्या पावसापर्यंत थांबा.

१३. वर्णनात काय काय हवं? मराठीत लिहिलं तर चालेल?

संहितेला लागतं ते थोडकंच: नाव, वर्णन किंवा जवळच्या प्रजातींपासूनचा नेमका भेद, नमुना-प्रकार (होलोटाइप, प्रश्न १४) आणि तो कुठे ठेवला आहे त्या संग्रहालयाचं नाव. भाषा लॅटिन किंवा इंग्रजीच. १९३५ ते २०११ पर्यंत वनस्पतींसाठी लॅटिन सक्तीची होती, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालते. १९३५ च्या आधी कुठलीही भाषा चालत होती, म्हणजे मराठीलाही तेव्हा मोकळीक होती. कोणी वापरली नाही एवढंच. मराठीत वेगळा लेख जरूर लिहा, पण त्याने नाव ग्राह्य होत नाही.

चित्र नियमाने लागत नाही. चित्राशिवाय कोणताही जाणकार संपादक तुमचा लेख घेणार नाही, हे वेगळं. जवळच्या प्रजातींशी तुलनेचा तक्ता मात्र मन लावून करा. परीक्षक आधी तोच उघडतात.

१४. होलोटाइप म्हणजे काय? फोटो चालत नाही का?

नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो होलोटाइप. पुढे मतं कितीही बदलली तरी नाव त्या पाकिटाबरोबर जातं. लिव्हरवर्टसाठी तो खरा, जपून ठेवलेला नमुनाच हवा. झाडं बारीक असल्यामुळे एका पाकिटातली अनेक झाडं मिळून एक नमुना धरला जातो, पण ती एकाच वेळी, एकाच जागी, एकाच प्रजातीची म्हणून गोळा केलेली हवीत.

कोकणात अडचण इथेच येते. एका खपलीत दोन रिक्सिया, एक नोटोथायलस आणि वर मॉस, हे नेहमीचं आहे. छापण्याआधी पाकीट निवडून घ्या, परक्या गोष्टी वेगळ्या पाकिटात ठेवा. त्याच गोळा केलेल्या मालातले जादा नमुने, म्हणजे आयसोटाइप, दुसऱ्या संग्रहालयाला द्या. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था, मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था ही परिचित ठिकाणं. कॉलेजच्या कपाटात होलोटाइप ठेवू नका. शिक्षक निवृत्त होतात आणि कपाटाला वाळवी लागते.

१५. नाव काय ठेवायचं? माझंच नाव देता येईल का?

स्वतःचं नाव द्यायला नियमाची बंदी नाही, पण कोणी देत नाही आणि दिलंच तर हसं होतं. गावाचं, अधिवासाचं, एखाद्या लक्षणाचं किंवा दुसऱ्या कोणाचं द्या. व्यक्तीच्या नावावरून ठेवताना स्त्री आणि पुरुष यांसाठी शेवट वेगळे असतात. स्थळावरून ठेवताना जीनसचं लिंग पाहावं लागतं: रिक्सिया स्त्रीलिंगी, म्हणून शेवट ‘-एन्सिस’, सायाथोडियम नपुंसकलिंगी, म्हणून ‘-एन्से’. सड्यावरची डिपकॅडी कोंकनेन्से किंवा एरिओकॉलॉन कोंकनेन्से ही फुलझाडं आठवा. शेवट चुकला तर नंतर दुरुस्त करता येतो, नाव बाद होत नाही. त्याच जीनसमध्ये तेच नाव आधी कोणी वापरलेलं असेल तर मात्र तुमचं टिकत नाही. त्यामुळे ट्रॉपिकॉससारख्या नावांच्या साठ्यात आधी शोधा.

१६. लेख छापण्याआधीच पेपरात बातमी आली, किंवा छापल्यावर ती जुनीच प्रजाती निघाली. आता?

बातमीने नाव प्रसिद्ध होत नाही. १९५३ पासून सर्वसाधारण वर्तमानपत्रातलं प्रकाशन धरलंच जात नाही, म्हणून नियमाच्या दृष्टीने नुकसान नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या नावालाही काही किंमत नाही. पण जर्नल नाराज होतं आणि नंतर नाव बदललं तर गावभर गोंधळ. पत्रकार मित्राला थांबायला सांगा.

जुनी निघाली तर आधीचं नाव चालतं, तुमचं त्याच प्रजातीचं दुसरं, समानार्थी नाव ठरतं. यात बेइज्जती नाही. स्टेफानीच्या ढीगभर नावांचं हेच झालं. तुमचे नमुने, मापं, जागेची नोंद सगळं तसंच कामी येतं.

१७. परदेशातल्या तज्ज्ञाला पाकीट पाठवू का?

परस्पर पोस्टात टाकू नका. जैविक साहित्य देशाबाहेर देण्यावर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. संग्रहालयामार्फत, कागदपत्रांसह पाठवणं हा सरळ मार्ग. फोटो, मापं आणि कापांची चित्रं मेलने पाठवायला अडचण नाही आणि निम्म्या शंका तेवढ्यावरच मिटतात.

१८. आमच्या सड्यावर चिरेखाण येतेय. ‘नवीन प्रजाती’ म्हणून थांबवता येईल का?

एका लिव्हरवर्टच्या जोरावर खाण थांबल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि तसं आश्वासन देणार नाही. एकाच जागी सापडली म्हणून ती धोक्यात आहे असंही लगेच म्हणता येत नाही. कोणी इतरत्र शोधलंच नसेल तर ‘माहिती अपुरी’ हाच प्रामाणिक शेरा. म्हणून शेजारचे सडे आधी फिरा आणि जिथे मिळाली नाही त्या जागांचीही नोंद ठेवा. सड्याच्या बाजूने बोलायचं तर तिथली एरिओकॉलॉन, डिपकॅडी, बेडूक, कातळशिल्पं आणि गुरांचं पाणी, सगळं एकत्र मांडा आणि गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या. खाणीचं काम सुरू होण्याआधीचा पावसाळा मिळत असेल तर सप्टेंबरची फेरी चुकवू नका. बीजाणूंसकट दोन संग्रहालयांत पाकिटं गेली पाहिजेत.